आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

सांगोला तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘मी सत्तावीस वर्षांची आहे. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात विशीत होते आणि त्यांनी खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले. “त्या वेळची माणसे वेगळी, पुढारीही वेगळे, म्हणून आपण जगलो,” हे वाक्य आमच्याकडे रोज जेवताना ऐकू येते. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे याहून कडक आहे. तुमची पिढी मोबाइलात बुडालेली, हिच्यातून संकटाला तोंड देणारा पुढारी निघणारच नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार, असे ते म्हणतात. कठीण काळ कणखर माणसे घडवतो आणि सुखाचा काळ लेचीपेची, अशा अर्थाचा एक संदेश भाऊ त्यावर वाचून दाखवतो. गेल्या उन्हाळ्यात गावात टँकरवरून भांडणे झाली, तेव्हा मी काही बायकांना बरोबर घेऊन तहसील कार्यालयात अर्ज दिला. तेवढ्यावरून काही लोक मला ग्रामपंचायतीला उभे राहा म्हणत आहेत. वडील म्हणतात, हसे करून घेऊ नकोस. पिढीलाच काही गुण असतो आणि तो आमच्यात नाही, हे खरे आहे का? आणि ते खरे असेल, तर मी उभे राहावे का?’

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. पण पहिला प्रश्न तुमच्या घरात जेवणाच्या पानापर्यंत येऊन बसला आहे, तेव्हा आधी तोच घेऊ. आजोबांनी जे पाहिले ते खरे आहे आणि त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष निम्मा खरा आहे. वडिलांनी त्यावर चढवलेला मजला मात्र मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आजोबांच्याच दुष्काळाकडे जरा जवळून पाहावे लागेल.

तो दुष्काळ एका वर्षात आलेला नव्हता. १९७० पासूनच पावसाने हात आखडता घेतला होता, १९७२ साली तो जवळजवळ फिरकलाच नाही, आणि सोलापूर, अहमदनगर, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद या जिल्ह्यांसह सांगलीच्या पूर्व भागापर्यंतचा पट्टा उघडा पडला. ज्वारी गेली, कडबा गेला, विहिरींनी तळ दाखवला. मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव काढली, आणि १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती; म्हणजे तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे हिशेबात धरूनही दर दहा माणसांतले एक माणूस टिकाव, फावडे, घमेले किंवा हातोडा घेऊन कामावर होते. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे लाल ज्वारी, मिळायचा, कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला जायचा. गुरे कसायाला गेली, घरे मोडून माणसे मुंबई-पुण्याकडे निघाली, आणि त्या हालांची आठवण तुमच्या आजोबांच्या हातांना आजही असेल. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत माणसे जशी लाखांनी उपासमारीने मेली, तसे या वेळी झाले नाही. आजोबा ‘म्हणून आपण जगलो’ म्हणतात, तेव्हा ते अतिशयोक्ती करत नाहीत.

आता प्रश्न असा की, हे कशामुळे घडले? नाईकसाहेब खंबीर होते म्हणून, असे आजोबांचे उत्तर आहे, आणि नाईकांचे श्रेय कमी करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु ज्या कल्पनेचे पुढे रोजगार हमी योजनेत रूपांतर झाले, तिचा पहिला प्रयोग दुष्काळाच्या सात वर्षे आधी, १९६५ साली, तुमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झालेला होता. त्यामागे वि. स. पागे होते. ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या हाती खाते नव्हते, तिजोरी नव्हती, आणि सभापतीने अशा गोष्टीत डोके घालावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. खेड्यात अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम दिलेच पाहिजे, आणि ते काम जमीन व पाणी सुधारणारे असले पाहिजे, हा विचार त्यांनी लावून धरला. सुकाळात लावून धरला, हे विशेष. राज्यभर पाऊस दडी मारून बसला, तेव्हा कामे काय काढायची, मजूर कसे नोंदवायचे, मजुरी कामाच्या मापावर कशी द्यायची, याचा काही अनुभव गाठीशी होता. नाईकांचा मोठेपणा असा की दुसऱ्याने सुचवलेली गोष्ट त्यांनी कपाटात ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट आजोबांच्या गोष्टीत बहुधा गळून जाते, ती म्हणजे मोर्चे. कामे आपोआप सुरू झाली नाहीत. काम हवे, ते जवळ हवे, मजुरी वेळेवर हवी, यासाठी मजूर तहसील कचेऱ्यांवर चालून गेले, डाव्या आणि समाजवादी पक्षांनी त्यांना संघटित केले, आणि शहरात त्याच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या. विधिमंडळात विरोधक सरकारला रोज धारेवर धरत होते. सरकार ऐकणारे होते हे खरे. पण ऐकल्यावाचून चालणार नाही अशी व्यवस्था लोकांनी केलेली होती, हेही तितकेच खरे. तुम्ही आजोबांना एकदा निवांत विचारा: मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, नाव घालायला कोणाच्या पाया पडावे लागले, पगार किती दिवसांनी झाला, माप घेताना मुकादम काय करायचा, आणि तालुक्याला मोर्चा गेला होता का. माझा अंदाज आहे की, या प्रश्नांनंतर जी माणसे त्यांच्या तोंडी येतील, ती सगळीच काही थोर नसतील. मस्टरवरची बोगस नावे, अडकलेली मजुरी आणि ज्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला त्याचीच झालेली चंगळ, या तक्रारीही त्याच काळातल्या आणि त्याच पिढीच्या आहेत.

ही साखळी अजून मागे जाते, आणि तिथे पिढीच्या गुणाचा सिद्धांत आणखीच डळमळतो. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरची मजुरी दिवसाला जेमतेम पौंडभर धान्य पडेल इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ती नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्या-जिल्ह्यातून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. त्यानंतर १८८० चा दुष्काळ आयोग झाला आणि त्यातून दुष्काळ संहिता आल्या, म्हणजे पीक किती बुडाले की सरकारने काय केलेच पाहिजे याचे लेखी नियम. १८९६ साली पुन्हा पाऊस रुसला, तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांना हेच सांगितले की सरकारने स्वतःच हे नियम केले आहेत, तेव्हा भीक मागू नका, नियमाने मिळते ते मागा. १९७२ चे कलेक्टर आणि मामलेदार ज्या पठडीत दुष्काळ हाताळत होते, ती अशी जवळजवळ शंभर वर्षांत तयार झाली होती. ती घडवणाऱ्यांत उपाशीपोटी संप करणारे मजूर होते, वकील होते, संपादक होते आणि काही सरकारी अधिकारीही होते, आणि ते सगळे मिळून एका पिढीचे नव्हते.

पुढेही तसेच झाले. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळून ठेवणे सोपे होते. पण तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला (शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून तो आजही कापला जातो आणि तो मुळात कशासाठी लावला होता हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते), १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. १९७२ ते १९७९ या काळात मुख्यमंत्रिपदी नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चौघे येऊन गेले. १९१३ साली जन्मलेल्या माणसाने उचललेले काम १९४० साली जन्मलेल्या माणसाच्या कारकिर्दीत कायदा म्हणून उभे राहिले. या चौघांचे आपसात फार गोडीगुलाबीचे संबंध होते असे कोणी म्हणणार नाही.

वडील कदाचित म्हणतील की हे सगळे ठीक, पण ती माणसे स्वातंत्र्य चळवळीच्या मुशीतून निघालेली होती, त्यांची जातकुळीच वेगळी. याला दोन उत्तरे आहेत. पहिले छोटे आहे: पागे त्या मुशीतले होते, पण वसंतराव नाईक नव्हते. पुसदजवळच्या गहुली गावच्या बंजारा कुटुंबातला हा मुलगा नागपूरला शिकला, पुसदला वकिली करू लागला आणि १९४६ साली पुसद नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. तुरुंगापेक्षा कोर्ट, शेती आणि नगरपालिका हीच त्यांची शाळा. म्हणजे ज्या नेत्याचे नाव आजोबा घेतात, तोच या सिद्धांतात नीट बसत नाही.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्यासाठी मी तुम्हाला कराडला नेणार आहे. डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून काही महिने झाले आहेत, जयप्रकाश नारायण अटकेत असताना गंभीर आजारी पडले आहेत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आहे, आणि कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आहे. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत, जन्म १९१०. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जन्म १९१३, त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री. दोघेही स्वातंत्र्य चळवळीच्या काळात वाढलेले. यशवंतरावांनी तर १९३२ मध्ये आणि पुन्हा १९४२ च्या आंदोलनानंतर तुरुंग भोगलेला. दुर्गाबाईंनी त्या मंडपात, केंद्रीय मंत्र्याच्या उपस्थितीत, जयप्रकाशांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यशवंतराव मंत्रिमंडळात राहिले, आणीबाणी उठेपर्यंत राहिले. एक पिढी, एक भाषा, एक मंडप, एकच संकट, आणि दोन माणसांची वागणूक दोन टोकांची.

यशवंतरावांना भित्रे ठरवून मोकळे व्हावे, असेही मी म्हणत नाही, कारण मग १९६२ चे काय करायचे? चीनच्या युद्धात देश खचलेला असताना, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले असताना, नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून त्यांनी संरक्षण खाते घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हापासून आपण म्हणत आलो. त्यांनी पराभूत लष्कराला जाहीर दूषणे दिली नाहीत, लष्करी निर्णय सेनाधिकाऱ्यांवर सोपवण्याची पद्धत बसवली, आणि १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायला परवानगी देताना वेळ दवडला नाही. तो माणूस खंबीर होताच. १९७५ साली, दुसऱ्या जातीच्या संकटात, जिथे शत्रू सीमेवर नव्हता आणि आपल्याच पक्षश्रेष्ठींना नाही म्हणायचे होते, तिथे तो खंबीरपणा दिसला नाही. एका माणसाच्या बाबतीतही गुण असा सगळ्या ऋतूंत टिकेल याची खात्री देता येत नसेल, तर लाखो माणसांच्या पिढीला एक गुण चिकटवणे कितपत शहाणपणाचे आहे, हे वडिलांनीच सांगावे. ते शिक्षक आहेत. एका वर्गातली मुले एकाच वर्षी जन्मलेली असूनही एकसारखी नसतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असणार.

म्हणून पिढी या कल्पनेत काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते वडील म्हणतात तेवढे नाही. कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास याचा बारकाईने विचार केला. त्याचे म्हणणे असे की नुसते एकाच काळात जन्मल्याने पिढी तयार होत नाही. सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंतच्या वयात जे मोठे हादरे बसतात, त्यांनी ती तयार होते. आणि तेच हादरे बसलेल्या लोकांत परस्परविरोधी गट पडतात, म्हणजे प्रश्न सगळ्यांना तोच मिळतो, उत्तरे मात्र निरनिराळी निघतात. कराडच्या मंडपाला हे मला चपखल लागू वाटते. त्या पिढीला सत्ता आणि स्वातंत्र्य यांचा प्रश्न जन्माबरोबर मिळाला होता, उत्तर मिळालेले नव्हते. आजोबांच्या निष्कर्षाचा मी निम्मा भाग खरा म्हटला तो याच अर्थाने: दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, त्यांना पाण्याची, धान्याची आणि सरकारी कागदाची किंमत पुस्तकातून शिकावी लागली नाही.

भावाच्या संदेशाबद्दल दोनच ओळी लिहितो, त्याहून जास्त त्याची योग्यता नाही. कठीण काळाने कणखर पुढारी आपोआप घडत असते, तर माणदेश, सांगोला, जत, आटपाडी या कायम दुष्काळी पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या देशाला पुढारी पुरवले असते आणि टँकरची गरज उरली नसती. भोगलेले हाल बहुतेकांना थकवतात, काहींना कडवट करतात, आणि थोड्यांनाच दुसऱ्यासाठी उभे करतात. त्या थोड्यांना उभे राहायला जागा मिळाली की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

तुमच्याच भागातले उदाहरण घ्या. नागनाथअण्णा नायकवडी यांचा जन्म १९२२ चा. विशीत ते साताऱ्याच्या प्रतिसरकारात भूमिगत होते, आणि १९९३ साली, सत्तरी ओलांडल्यावर, कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी संघर्ष चळवळीत उतरले. सांगोला त्या तेरांतला एक. या चळवळीत त्यांच्याहून पंचवीस-तीस वर्षांनी लहान असलेले भारत पाटणकर होते, आणि तुमचे गणपतराव देशमुखही होते, जे सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेले आणि त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. चळवळीची मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची, आणि तिला धार आली ती गावोगावच्या पाणी परिषदांना येणाऱ्या माणसांमुळे, ज्यांत म्हातारे होते तशी कॉलेजात जाणारी पोरेही होती. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी तुमच्या तालुक्यात जिथे पोहोचले आहे, तिथे ते कोणत्या पिढीचे आहे, हे ठरवायला मला जमणार नाही.

आता तुमची पिढी. वडिलांना वाटते की तिच्यावर काही संकट आलेच नाही. २०२० साली तुम्ही वीस-एकवीस वर्षांच्या असाल. जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरण कक्ष झाले, मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला गावाच्या वेशीवर अडवले गेले, परीक्षा रद्द झाल्या, हातातल्या नोकऱ्या गेल्या. त्याच दिवसांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरल्या, आणि पुष्कळ गावांत त्यांच्याबरोबर तुमच्या वयाची मुले-मुली याद्या करत, औषधे पोहोचवत हिंडत होती. त्याच वयाची दुसरी मुले तेव्हा नको त्या अफवा पसरवत होती. मानहाइमचे म्हणणे इथेही लागू पडते. मोबाइल दोघांच्याही हातात होता.

तेव्हा पिढीचा प्रश्न बाजूला ठेवून तुमच्या उभे राहण्याकडे येऊ. माझे मत स्पष्ट आहे: उभे राहा, मात्र एका अटीवर, की टँकरच्या वेळी केले ते काम तुम्हाला पुन्हा पुन्हा, कोणी टाळ्या न वाजवता, करायला आवडेल. बायकांना घेऊन अर्ज दिला, ही संकटातली पहिली पायरी होती. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग तुम्ही अगदी ओझरता लिहिला आहे आणि त्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगितलेच नाही. टँकर वाढला का? किती खेपा मंजूर होत्या आणि किती आल्या? तो विहिरीत रिकामा होत असे की टाकीत? विहिरीत ओतत असतील, तर ज्या घरात ओढणारे तरणे हात जास्त, त्या घरी पाणी जास्त, आणि एकट्या म्हातारीच्या हंड्यात गाळ, हे गावोगाव दिसते. हा प्रश्न खंबीरपणाने सुटत नाही. एका टाकीने, चार तोट्यांनी आणि घरांच्या यादीने सुटतो, आणि ती टाकी पावसाळ्यात बांधावी लागते.

पागे यांच्याकडून घ्यायचे ते हे. दर वर्षी तालुक्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी तयार होतो. त्यात तुमच्या गावाचे आणि वाड्यावस्त्यांचे नाव आहे का, कोणती उपाययोजना लिहिली आहे, हे निवडून येण्याआधीही पाहता येते. ग्रामपंचायतीची ठरावांची वही मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. तुमच्या गावात तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही आणि घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात, असा प्रकार तुमच्याकडे चालत असेल, तर उभे राहण्याआधी तो बंद पाडणे हीच तुमची खरी परीक्षा. यात तुमचा पैसा लागणार नाही, पण शत्रू मात्र होतील, आणि त्यातले एक-दोन भावकीतलेच निघतील. ते सोसवणार नसेल, तर आत्ताच नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

दुसरी सूचना थोडी कडू आहे. तुम्हाला उभे राहा म्हणणारे ‘काही लोक’ कोण आहेत, हे नीट पाहा. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि शिकलेली, बोलकी, पण स्वतःचा गट नसलेली मुलगी पॅनेलला हवीच असते. सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा, ही सोय गावाला नवी नाही. त्यांना आजच विचारा की टँकरच्या खेपांची नोंद दर आठवड्याला चावडीवर लावायला त्यांची तयारी आहे का. जे हो म्हणतील त्यांच्याबरोबर चाला. जे हसून ‘आधी निवडून तर या ताई’ म्हणतील, त्यांच्या पॅनेलमधून उभे राहू नका, मग अपक्ष म्हणून पडलात तरी चालेल.

वडिलांशी वाद घालून त्यांचे मत बदलेल, असे मला वाटत नाही, आणि त्याची घाईही नाही. त्यांना कामाला लावा. निवृत्त शिक्षकाइतकी गावाची वंशावळ, भांडणे आणि शिवेचे दगड दुसऱ्या कोणाला माहीत नसतात; कोणत्या वस्तीला पाणी का पोहोचत नाही, याचे उत्तर बहुधा त्यांच्याजवळ आहे. ठरावांची वही मिळाली की ती त्यांच्यापुढे ठेवा आणि गेल्या पाच वर्षांचे पाण्याचे ठराव वेगळे काढून द्या म्हणून सांगा. शिक्षक माणूस लेखी कामातली चूक पाहिल्याशिवाय राहत नाही. आजोबांकडून मात्र १९७२ ची कामे कुठे कुठे झाली ते शिवारात फिरून दाखवून घ्या. त्यातला एखादा पाझर तलाव गाळाने भरून पडून असेल, तर तो यंदाच्या आराखड्यात घालता येतो.

उमेदवारी अर्जाबद्दल एवढे लक्षात ठेवा की तुमचे नाव त्याच ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत असले पाहिजे; शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तुम्ही मध्यंतरी पुण्या-सोलापुरात राहिला असाल आणि नाव तिकडे गेले असेल, तर ते आधी परत आणावे लागेल. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी ठेवू नका, शौचालय वापराचा दाखला घ्या, जागा राखीव प्रवर्गाची असेल तर जातपडताळणीचे कागद आत्तापासून हलवा, कारण त्याला वेळ लागतो. निवडणूक झाली की, हरलात तरीसुद्धा, खर्चाचा हिशेब मुदतीत सादर करा. तो न दिल्याने पुढच्या वेळी अपात्र ठरलेले उमेदवार थोडे नाहीत. आणि तहसील कार्यालयात दिलेल्या त्या अर्जाची पोच तुमच्याजवळ असेल, तर तिच्या आधारे पुढे काय कारवाई झाली याची लेखी विचारणा याच आठवड्यात करा. त्यासाठी निवडून यावे लागत नाही.

आपला,
सदरलेखक